बारसं बाबा आल्यावर

गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीत बोरस्त्यांच्या सुनेला सगळे 'फॉरेनची सून' म्हणतात. इस्त्रीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे. पल्लवी पोरीला कडेवर घेऊन सकाळी दूध आणायला खाली उतरली, की कोणी ना कोणी विचारतंच, काय गं, कधी निघालीस? ती म्हणते, होईल आता लवकरच. हे 'लवकरच' नवरात्रात सुरू झालं, आता माघ लागलाय. विचारणाऱ्यांना कंटाळा येत नाही आणि तिला दुसरं उत्तर सापडत नाही.

त्या रविवारीही तेच झालं. ती दूध घेऊन वर आली, छकुलीला पाळण्यात ठेवलं आणि सासऱ्यांच्या खोलीत गेली. छकुली म्हणजे तिची लेक. सहा महिन्यांची होत आली तरी पोरीला नाव नव्हतं. कोणी छकुली म्हणे, कोणी ठमाबाई, शेजारच्या सरुबाई तिला 'ए बिननावाची' अशी हाक मारत आणि स्वतःच हसत. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण पल्लवीला ते रोज लागायचं.

सासरे, म्हणजे निवृत्ती अण्णा, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. हातात पाना धरायचे तर असा, की नट स्वतःहून सैल व्हावा. गेल्या चैत्रात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेले, बोलणंही गेलं. पल्लवी शिकलेली फिजिओथेरपिस्ट. रोज सकाळी ती त्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू देई आणि म्हणे, मिटा अण्णा, उघडा, परत मिटा. बोलायला शिकवणं हा तिचा विषय नव्हता, पण मोबाईलवर बघून बघून तिने तेही चालवलं होतं. ओठ मिटून येणारी अक्षरं आधी येतात म्हणून 'ब'पासून सुरुवात. बटन, बादली, बटाटा. अण्णांच्या तोंडून पहिल्यांदा स्पष्ट 'बादली' आलं तेव्हा दोघंही इतकी हसली की लताबाई पदराला हात पुसत बघायला आल्या.

लताबाई म्हणजे सासू. बाई वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही निवांत होऊन बसाल की चला, एका दुष्ट सासूची गोष्ट आहे, आपल्या घरात तसं काही नाही. लताबाई सुनेला सकाळचा पहिला चहा स्वतः करून देतात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू त्यांनीच केले. सोसायटीत सुनेचं कौतुक करताना त्यांचं तोंड दुखत नाही. आणि या सगळ्यासकट त्यांनी तिला कोंडून ठेवलं होतं.

आता हे कोंडणं कसं, ते ऐका.

पल्लवीचं माहेर ओझरचं. वडील धनराज यांचं तिथे ठिबकच्या नळ्यांचं दुकान. लग्न झालं तेव्हा नवरा, शेखर, आखातात एका मोठ्या कंपनीत होता. लग्नानंतर ती तिकडे गेली. तिथल्या एका दवाखान्यात तिला नोकरीही लागली, तिच्या हाताला गुण होता, पेशंट तिचंच नाव घेऊन येत. पण ती राहायची नवऱ्याच्या व्हिसावर. तिकडचा कायदा सरळ आहे. नवऱ्याला नोकरी म्हणून नवऱ्याला राहायचा परवाना, आणि नवऱ्याला परवाना म्हणून बायकोला. त्याचा गेला की हिचा गेला. शिवाय सलग सहा महिने त्या देशाबाहेर राहिलं तर तिचा तसाही गेला. मंगळसूत्रात निदान वाट्या दोन असतात, या परवान्याचा मालक एकटा नवरा.

मग दिवस राहिले. तिकडे दवाखाने चांगले होते, कंपनीचा विमा होता, तिच्या दवाखान्याच्या मॅडम स्वतः डॉक्टर होत्या. पल्लवीच्या मनात तिकडेच बाळंत व्हायचं होतं. पण पहिलं बाळंतपण! ते माहेरी नको का? ओझरहून आई, ललिता, फोनवर रडली. पहिलटकरणीला परमुलखात कोण बघणार, आणि लोक म्हणतील आईला लेक जड झाली. गंगापूर रोडवरून लताबाईंनी सांगितलं, रीत आहे बाई, मोडू नये. शेखरने तर लगेच तिकीटच काढलं. तिने हिशेब केला, बाळंतपण, सव्वा महिना, बारसं, बाळाचा पासपोर्ट, आणि मुदत संपायच्या आत परत. बसत होतं सगळं. वैशाखाच्या अखेरीला ती उतरली.

आधी सासरी डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी, गळ्यात घरातलं सगळं सोनं. दुसऱ्या दिवशी लताबाई सोनं लॉकरला ठेवायला निघाल्या तेव्हा तिच्या प्रवासाच्या पर्समधला पासपोर्टही त्यांनी त्याच पिशवीत घातला. म्हणाल्या, माहेरी बाळंतपणाच्या गडबडीत कुठं हरवला म्हणजे? पल्लवीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. सासू चोरी थोडीच करत होती, जपून ठेवत होती.

श्रावणात ओझरला मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर लताबाई गाडी घेऊन आल्या आणि आजोबांना नात दाखवायची म्हणून चार दिवसांसाठी दोघींना घेऊन गेल्या. ते चार दिवस अजून संपायचे आहेत.

बारसं राहिलंच होतं. बाळ झालं ते गणपतीच्या तोंडावर, तेव्हा शेखरला रजा नव्हती. मग पितृपक्ष लागला, त्यात कसं करणार? नवरात्रात लताबाई म्हणाल्या, आधी सप्तशृंगीच्या गडावर देवीची ओटी भरू, तिच्या पायावर घातल्याशिवाय लेकराला समुद्रापार न्यायचं नाही. गडावर ही गर्दी, तान्हं बाळ न्यायचं कसं, म्हणून ते पौर्णिमेनंतर. पौर्णिमेनंतर दिवाळी आलीच आणि दिवाळीला तर शेखर नक्की येणार होता. बारसं बाबा आल्यावर! तो आला नाही. तोवर आत्या अडकली. आत्या म्हणजे शेखरची धाकटी बहीण निकिता, पुण्याला औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तिची परीक्षा. आणि आत्याशिवाय बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? दर वेळी काहीतरी असायचंच बरं का. एकही कारण खोटं वाटत नव्हतं.

पण नाव नाही म्हणून जन्मदाखल्यात नाव नाही. दाखल्यात नाव नाही म्हणून बाळाचा पासपोर्ट नाही. आणि आईचा पासपोर्ट लॉकरमध्ये, सोन्याच्या पाटल्यांशेजारी.

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, उठायचं आणि ओझरच्या नगरपरिषदेत जाऊन नाव लिहून यायचं. म्हणायला काय जातं? नांदत्या घरात, सासू-सासरे समोर असताना, बारशाआधी परस्पर पोरीचं नाव कागदावर घालून येणारी सून तुम्ही पाहिलीत का? आणि पाहिली असेल तर तिला तुम्ही काय म्हणाला होतात, तेही आठवून बघा.

कार्तिक संपला आणि मुदत संपली. त्या दिवशी पल्लवीने कपाटावरची बॅग खाली घेतली, पुसली आणि परत वर ठेवली. नशीब म्हणून ती गप्प बसली. सणवारात दिवस गेले, कोणाला दोष द्यायचा?

मग मार्गशीर्षात एक फोन आला. शेखर व्हिडिओ कॉल नेहमी फोन तोंडाशी धरून करायचा, नुसता चेहरा दिसेल असा. त्या दिवशी त्याच्या हातून फोन निसटला आणि क्षणभर मागची खोली दिसली. लोखंडी दुमजली पलंग, त्याला शिडी, शिडीवर कोणाचातरी ओला टॉवेल.

"ती शिडी कसली? आपल्या घरात दुमजली पलंग कधी आला?" पल्लवीने विचारलं.

तो आधी म्हणाला मित्राकडे आलोय. तिने पुन्हा तेच विचारलं. मग त्याने सांगून टाकलं. जूनमध्येच त्याने कंपनी बदलली होती. नवीन कंपनीत पगार जास्त, पण त्या पदाला कुटुंब आणायची सोय नाही, राहायला सहा पुरुषांत एक खोली. घर तेव्हाच सोडलं. जुन्या कंपनीचा व्हिसा रद्द झाला तेव्हा बायकोचाही रद्द झाला.

"मी वेगळं काहीच केलं नाही पल्लवी," तो म्हणाला. "ते आपोआप होतं."

जून म्हणजे बाळ तिच्या पोटात होतं. ज्या मुदतीसाठी ती श्रावणापासून जीव मुठीत धरून बसली होती, ती मुदत बाळ जन्मायच्या आधीच मेली होती. पितृपक्षात ती देवाला हात जोडत होती ते कशासाठी? दिवाळीत दाराकडे बघत होती ते कोणासाठी? तिला आधी राग नाही आला, लाज वाटली. आपल्याला सगळ्यांनी मिळून खेळवलं आणि आपण मन लावून खेळलो, याची लाज.

लताबाई बाजरीची भाकरी थापत होत्या. तिने विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, कडेने पाणी फिरवलं, मग बोलल्या.

"होतं गं. पण पोटुशी बाईला असं कोणी सांगतं का? आणि नंतर तू ओली बाळंतीण. म्हटलं, पोरगी रुळेल हळूहळू. इथं तुला काय कमी आहे सांग? माझ्या या माणसाकडे बघ. केअर सेंटरचा माणूस ठेवला होता, त्याने पाय मुरगाळून ठेवला. तुझ्यासारखा हात मी कुठून आणू?"

त्या बोलताना रडत होत्या आणि रडणं खरं होतं. माझ्या बायांनो, हेच तर अवघड आहे. मारणारा हात धरता येतो. डिंकाचा लाडू देणारा हात कसा धरायचा?

पल्लवीने माहेरी फोन केला. ललिता ऐकून घेत होती, मध्ये मध्ये हुंकार देत होती, आणि शेवटी म्हणाली, "आता गप ऱ्हाय. लय ताणू नको. नवरा कमावतोय, सासू जीव लावती, आनखी काय पायजे? एकटी तिकडं गेली तर लोक म्हनतील नवऱ्यानं टाकली. मंग तुझ्या बापानं दुकानात तोंड कसं दाखवायचं?" म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. नवरा नेईना, सासू सोडीना, माहेर घेईना. आणि बाहेर सगळ्यांना वाटतंय, काय नशीब काढलंय पोरीनं.

एक दार मात्र किलकिलं होतं. तिकडच्या दवाखान्यातल्या मॅडमनी निरोप दिला होता. तू दवाखान्याच्या व्हिसावर ये, तुझ्या स्वतःच्या नावावर. पोरीला आणायचं आपण बघू. होळीपर्यंत जागा ठेवते, त्यापुढे मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. पल्लवीने त्याच दिवशी पासपोर्ट मागितला. लताबाई म्हणाल्या, लॉकर दोघांच्या नावावर आहे, दोघांच्या सहीशिवाय उघडत नाही आणि अण्णांचा हात हा असा. पुन्हा बघा, हेही खरंच होतं. झटका आल्यापासून सोनं ठेवायलासुद्धा बँकेच्या साहेबांनी ओळखीवर भागवलं होतं, आणि पुढच्या वेळी दोघं आल्याशिवाय येऊ नका म्हणून बजावलं होतं. त्यानंतर पल्लवीने रबरी चेंडू काढून अण्णांच्या बोटांत पेन्सिल दिली. रोज वर्तमानपत्राच्या कडेला रेघा. आधी आडव्या, मग उभ्या, मग वेड्यावाकड्या गोल. लताबाईंनी ते पाहिलं. नवऱ्याचा हात सुधारतोय म्हणून त्या आत जाऊन देवाला साखर ठेवून आल्या.

तर त्या माघातल्या रविवारी घरात गडबड होती, कारण दुपारी निकिताला बघायला येणार होते. परीक्षा आटोपून ती शनिवारीच पुण्याहून आली होती. स्थळ फॉरेनचं. मुलगा युरोपात इंजिनीअर, घरचे नाशिकरोडचे, एकुलता एक. लताबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. पल्लवीने पोहे केले, ओलं खोबरं पेरलं, पेढ्यांचा बॉक्स फोडून ताटलीत लावला, छकुलीला झोपवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

निकिता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. साडीची निरी सोडत-बांधत होती. म्हणाली, वहिनी, दिवाळीत माझी परीक्षा नव्हती. आई म्हणाली होती, तू येऊ नकोस, आलीस तर बारसं करावं लागेल. मी का म्हणून विचारलं नाही. पल्लवीने तिच्याकडे बघितलं, पण चहा उतू जात होता. तिने गॅस बारीक केला आणि कप मांडायला घेतले.

पाहुणे आले. मुलाचे आईवडील आणि एक मामा. मुलगा टॅबलेटवर, टीपॉयवरच्या फुलदाणीला टेकवलेला. अण्णांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं होतं. बोलणं छान चाललं होतं, गावं निघाली, ओळखी निघाल्या. मग लताबाईंनी जो प्रश्न विचारला तो त्यांनी सुनेच्या बाबतीत एकदाही विचारला नव्हता.

"लग्न झाल्या झाल्या मुलीला घेऊन जाणार ना? नाही, तिचा व्हिसा वगैरे कसं काय?"

मुलाची आई गोड बाई होती. तिने पेढ्याचा तुकडा मोडत सांगितलं, नेणार तर काय, ठेवून घ्यायला का लग्न करतोय? पण लगेच घाई कशाला. पहिल्या वर्षाचे सणवार आपल्याकडे होऊ देत. ह्यांचं बायपास झालंय, घरात कोणीतरी हवंच, आणि तुमची मुलगी औषधांतली म्हणजे देवच पावला. मग पहिलं बाळंतपण तर तुमच्याकडेच व्हायचं, रीतच आहे. तोवर मुलगाही तिकडे स्थिर होईल. "आणि व्हिसाचं काय घेऊन बसलात? तो त्याच्यावर तिचा आपोआप होतो."

लताबाईंच्या हातात बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. त्यांनी पल्लवीकडे बघितलं नाही, पण सगळ्या घराला कळलं की त्या तिच्याकडे बघत नाहीयेत. आपलेच शब्द दुसऱ्या बाईच्या तोंडून, आपल्याच दिवाणखान्यात, आपल्याच लेकीसाठी. लेकीसाठी म्हटल्यावर मात्र त्या शब्दांना धार आली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. त्या दुपारी तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

निकिता खाली मान घालून बसली होती. तिने मान वर केली.

"काकू, राग मानू नका. मला हे स्थळ नको. तुम्ही जे सांगताय ना, तशी एक सून या घरात आहे. आत्ता तुम्हाला चहा दिला ती."

टॅबलेटमधला मुलगा काहीतरी बोलत होता, त्याचा आवाज तुटत होता. मामाने घसा खाकरला. पाच-सात मिनिटं शिष्टाचाराची बोलणी झाली आणि पाहुणे उठले. जाताना मुलाच्या आईने पल्लवीकडे एकदा नीट बघितलं, जणू तिला ती आत्ताच दिसली.

दार लागल्यावर लताबाईंचा बांध फुटला. चांगल्या स्थळाला लाथ मारली, घरातलं चव्हाट्यावर आणलं, शेखरने ऐकलं तर काय म्हणेल. निकिता म्हणाली, आई, तू त्यांना व्हिसाचं का विचारलंस ते सांग. लताबाई खुर्चीत बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या, माघाच्या थंडीत.

आवाजाने छकुली उठली होती. निकिताने तिला उचललं. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती म्हणाली, वहिनी, घरात पेढे आहेत, पोहे आहेत, फुलं आहेत, आत्या आहे. बारशाला अजून काय लागतं? लताबाई म्हणाल्या, मुहूर्त लागतो, बाप लागतो. निकिता म्हणाली, कानात नाव आत्याने सांगायचं असतं, बापाने नाही. हा माझा मान आहे आणि तो मी दिवाळीत तुझ्या सांगण्यावरून सोडला. आता नाही सोडणार.

ती दार उघडून शेजारच्या सरुबाईंना हाक मारायला गेली. सरुबाई आल्या, त्यांच्या दोन सुना आल्या, वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. घुगऱ्या नव्हत्या तर सरुबाईंच्या सुनेने उसळीसाठी भिजवलेले हरभरे कुकरला लावले. पाहुण्यांसाठी आणलेला गजरा पाळण्याला बांधला. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, म्हणत पोरीला पाळण्याखालून आणि वरून फिरवलं. पल्लवी नुसती उभी होती. निकिताने विचारलं, नाव काय ठरवलंयस? हा प्रश्न तिला इतक्या महिन्यांत कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, सायली.

निकिता पाळण्यावर वाकली आणि छकुलीच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र! सायली!" आणि रीतीप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. शेवटचा धपाटा लताबाईंचा होता. तो जरा जोरात बसला. रागाचा होता की मायेचा, ते निकितालाही कळलं नाही, पण घातला त्यांनी.

बाया घुगऱ्या घेऊन गेल्यावर पल्लवी सासूसमोर येऊन बसली. तिने आवाज चढवला नाही.

"आई, अण्णांसाठी माणूस मी स्वतः शिकवून तयार करते, मगच जाते. पण मी जाणार. मला माझा पासपोर्ट द्या."

लताबाई म्हणाल्या, लॉकर उघडत नाही, तुला सांगितलंय ना. त्यांचा आवाज बारीक झाला होता. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. जड, ओठांवर अडखळणारा, पण स्पष्ट.

"बँक," अण्णा म्हणाले.

सगळ्या वळल्या. अण्णांनी उजवा हात मांडीवरून उचलला. अंगठा आणि दोन बोटं त्यांनी जवळ आणली, पेन्सिल धरल्यासारखी, आणि हवेत एक वेडीवाकडी रेघ ओढली. "बँक," ते पुन्हा म्हणाले. मग बायकोकडे बघून, खूप कष्टाने, "बास."

ज्या माणसासाठी तिला ठेवून घेतलं होतं, तोच तिला सोडा म्हणत होता. लताबाई त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. या हाताने त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं होतं आणि हा हात गेला म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या लेकीचा संसार गहाण ठेवला होता. त्या उठल्या, देव्हाऱ्याच्या खणातून लॉकरची किल्ली काढली आणि पल्लवीपुढे ठेवली. "उद्या बँक उघडली की जाऊ," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी शेखरचा फोन आला. निकिताने त्याला बारशाचा फोटो पाठवला होता. तो आधी चिडला, माझी वाट बघता येत नव्हती का, बाप आहे मी. मग घाबरला. मग मऊ झाला. म्हणाला, ठीक आहे, मी कंपनीत बोलतो, पद वाढलं की तुझा व्हिसा काढतो परत, थोडी कळ काढ.

"तुमच्या नावावर नको," पल्लवी म्हणाली. "तुम्ही नोकरी बदलली की माझं घर जातं. माझा माझ्या नावावर निघतोय. तुम्हाला लेकीला भेटायचं असेल तर या, पत्ता देईन."

त्याने विचारलं, म्हणजे तू मला सोडतेयस का? ती म्हणाली, ते मला अजून माहीत नाही. मला एवढंच कळतंय की आता ते मी ठरवणार आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत अण्णांना चाकाच्या खुर्चीवरून नेलं. सही जुन्या सहीशी काही जुळली नाही. साहेबांनी दोनदा बघितलं, मग चार प्रश्न विचारले, अंगठा घेतला आणि आत सोडलं. पासपोर्ट पाटल्यांच्या खाली होता. लताबाईंनी तो पदराने पुसला आणि सुनेच्या हातात दिला. दागिन्यांची पिशवी त्यांनी तशीच परत ठेवली. परतताना पल्लवीने गाडी ओझरच्या नगरपरिषदेकडे वळवायला सांगितली, दाखल्यात नाव घालायचं होतं. बापाची संमती रखडली तर आईला प्रतिज्ञापत्र देऊन बाळाच्या पासपोर्टचा अर्ज करता येतो, हे निकिताने रात्रीच शोधून ठेवलं होतं. होळीला अजून अवकाश होता. पुरेल की नाही, हे त्या वेळी कोणीच सांगू शकत नव्हतं.

आता तुमच्याबद्दल. नाशकात काय, आणखी कुठे काय, अशा 'फॉरेनच्या सुना' तुमच्या सोसायटीतही असतील. कोणी बाळंतपणाला आलेली, कोणी सासूच्या गुडघ्यासाठी थांबलेली, कोणी दिराच्या लग्नापुरती. सकाळी दूध घ्यायला खाली उतरतात. त्यांना 'कधी निघालीस' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्या हातात नसतं. जरा बाजूला घ्या आणि विचारा, तुझा पासपोर्ट कुठे आहे? आणि ती सून तुमच्याच घरातली असेल, तर विचारायचीही गरज नाही. कुठे ठेवलाय ते तुम्हाला ठाऊक आहे.